'बसा'मधला काना

नाही नाही, उभे का राहिलात, बसा ना. बसा हो. 'बसा'ला काही करत नाही तो—बघा, कान तरी हलला का? नाही ना? मग. त्या खुर्चीवर मात्र नको, तिचा एक पाय ह्याच्यामुळंच गेलाय, नुसता टेकवून ठेवलाय भिंतीला—हां, ह्या स्टुलावर बसा. टोपी राहू द्या मांडीवर, खाली ठेवू नका. जमिनीवर ठेवलेली वस्तू ह्या घरात आपली राहत नाही. आणि एक सांभाळा मास्तर, 'बसा' म्हणताना तो शेवटचा काना गिळू नका. काना गेला की संपलं. ह्यांनी सांगितलं असेल की तुम्हाला फोनवर. काय सांगितलं? 'कुत्र्याच्या भाषेत जरा गोंधळ आहे'? एवढंच? घर बुडालं तरी आमचे हे म्हणतील, जरा ओल आलीय.

नीट सांगते, म्हणजे तुम्हाला काय शिकवायचं आणि काय पुसायचं ते कळेल. हा पडदा आहे ना, त्याच्या पलीकडं ह्यांचं चष्म्याचं दुकान. तुम्ही तिथूनच आलात. पडद्याच्या अलीकडं आपण बसलोय ती मधली खोली, तिच्या आत सासूबाई पडल्यात, आणि मागं स्वयंपाकघर. आणि हा चिमण्या. हसा, सगळेच हसतात. आणला तेव्हा चिमणीएवढाच होता हो! माझे धाकटे दीर कोटाच्या खिशातून घेऊन आले, म्हणाले, वहिनी, ही जात वाढतच नाही, खिशात मावते. भाऊजींच्या शब्दावर विश्वास ठेवायची मला जुनी खोड. आता खिशाचं सोडा, दारातून आत यायचं तर त्याला श्वास सोडून यावं लागतं. स्वभावानं गरीब आहे पण. भुंकत नाही, चावत नाही, मांजरानं डोळे वटारले तर माझ्यामागं लपतो. एकच दुर्गुण—सांगितलेलं ऐकतो.

शिकवलं कुणी? कुणी नाही, कोण शिकवणार! पडद्यापाशी पडून असतो दिवसभर, ऐकून ऐकून शिकला. हुशार आहे. शब्द तसे मोजकेच येतात, मी तोडून तोडून सांगते, म्हणजे त्याला जुळवता येत नाहीत. ब...स. मग घ ला एक मात्रा. मग आ...ण, ध...र आणि टा...क. बास. हो, 'बास' चालतं, तिथं काना आधीच येऊन बसलाय मध्ये. बसला, बसतो, बसूया, सगळं चालतं. त्याला लागतो तो नुसता, तोडलेला, हुकमासारखा शब्द. तो कानावर पडला की हा करणार. आणि मास्तर, आपल्या भाषेत ब...स म्हणजे काय नुसतं खाली टेकणं आहे? पुरे झालं तरी तेच म्हणतो आपण. नको असलं तरी तेच. परगावी जायची गाडी तरी तीच. लोक 'ध'चा 'मा' करून राज्यं बुडवतात म्हणे, आमच्याकडं तेवढंही लागलं नाही, शब्द तोच, फक्त अर्थ चार. आणि हा कुठं उभा आहे, खाली काय ठेवलंय, काही बघत नाही—असेल तिथं बूड टेकवतो.

पहिला बळी चष्म्यांचा. नव्या फ्रेमा आल्या होत्या, त्या पातळ काड्यांच्या, फुंकर मारली तर वाकतील अशा. हे दुकानात सतरंजीवर बसून एकेक पुसून ट्रेमध्ये लावत होते. चिमण्या ट्रे ओलांडून पलीकडं निघालेला, निम्मा इकडं, निम्मा तिकडं. खुर्चीत एक गिऱ्हाईक, नाकावर तो डोळे तपासायचा जड चष्मा, समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचतोय बिचारा आणि हे उठून उठून काचा बदलतायत—ही बरी की ही, ही की ती—आणि एकदाची बरोबर काच लागली, तसा तो आनंदानं ओरडला, 'ब...स! आता एकदम स्वच्छ दिसतंय!' आणि दिसलं काय, तर कुत्रा चष्म्यांवर बसताना. सुक्या पानांवर कुणी पाय द्यावा तसा आवाज झाला. हे ओरडतायत, ऊठ, ऊठ! पण 'ऊठ' ह्याला येतच नाही. तो शब्द कसा राहिला शिकायचा, देव जाणे. शेवटी आम्ही दोघांनी मिळून पोतं उचलावं तसा उचलला, आणि ते गिऱ्हाईक म्हणतं, 'काका, मला ती डावीकडची फ्रेम आवडली होती हो.' ह्यांनी ती दाखवली. तिचा आकडा झाला होता, इंग्रजी आठाचा.

मग सासूबाई. त्यांची कंबर धरते, दुपारी जरा आडव्या होतात, पोटावर गरम पाण्याची रबरी पिशवी घेऊन—पोटावर का विचारू नका, कंबर दुखते म्हणून पोट शेकतात, ते एक वेगळंच शास्त्र आहे. मी पाय चेपत होते. ह्यानं खिडकीत मांजर बघितलं, मांजर खिडकीत असलं की ह्याला शौर्य येतं, तर पुढचे दोन पाय पलंगावर टाकले, मग मागचे दोन, आणि सासूबाईंना ओलांडून निघाला. तेवढ्यात माझं बोट त्यांच्या तळपायाला लागलं, त्यांना झाल्या गुदगुल्या, त्या म्हणाल्या, 'अगं ब...स, ब...स!' मला म्हणाल्या हो, पुरे कर म्हणून. ऐकलं ह्यानं. बसला. पिशवी फुटली. पाणी कोमट झालं होतं म्हणून निभावलं, पण गादी गेली, उशी गेली, उशीखालचं त्यांचं औषधांचं पाकीट विरघळून गेलं, आणि त्या खालून ओरडतायत, 'अरे मेल्या, ब...स कर, ब...स!'—तसा हा आणखी दाबून बसतोय. त्याला वाटलं आपण नीट बसलो नाही म्हणून ओरडतायत. मी चादरीचं टोक तोंडात कोंबलं. हसायला नव्हे हो. म्हणजे, हसायलाच. पण सासूबाईंना सांगितलं, घाबरून कोंबलं.

आ...ण म्हणजे काय आणायचं, हे त्याला विचारायचं नसतं, दिसेल ते आणतो. हे पलीकडून हाक मारायचे, पाणी आ...ण! मी पाणी घेऊन निघायची, तोवर हा गिऱ्हाइकाचा एक बूट घेऊन हजर. शेजारच्या बाईंची उशी आली, समोरच्यांचं पायपुसणं आलं. एकदा कुणाचा तरी अर्धा विणलेला स्वेटर आला, सुयांसकट, आणि त्याच्यामागं लोकरीचा धागा, उंबरठ्यावरून, पायऱ्यांवरून, पार रस्त्याच्या वळणापर्यंत. थोड्या वेळानं त्या धाग्यामागून गुंडा गुंडाळत गुंडाळत एक आजीबाई आल्या. रागावल्या नाहीत हो. चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, परत पाठवा ह्याला, कुणी येतच नाही माझ्याकडं.

आणि हे म्हणायचे, चहा टा...क. चहा मी टाकायची आणि हा तोंडातलं टाकायचा, असेल तिथं. ह्यांच्या नव्या बुटाचा एक पाय असा कपड्यांच्या निळीत पडला. तेव्हापासून एक बूट तपकिरी आणि एक—त्या रंगाला नाव नाही. हे गिऱ्हाइकांपुढं तो पाय टेबलाखाली ठेवतात. ध...र तर विचारूच नका. सासूबाई त्यांच्या बहिणीशी, आमच्या मावशींशी, फोनवर तासन्‌तास बोलतात, हात दुखला की मला म्हणायच्या, जरा फोन ध...र गं. मी हात पुढं करेपर्यंत ह्यानं धरला. तोंडात. आणि गेला पलंगाखाली. फोन चालूच. तिकडून मावशी ऐकतायत—हाः हाः हाः हाः—नुसती धाप. त्यांना वाटलं, बहिणीला दम लागला. 'ताई, बोल गं! ताई!' इकडून हाः हाः. मग एकदम काहीतरी गिळल्याचा आवाज, आणि शांतता. मावशींनी रडत रडत रुग्णवाहिका पाठवली. ती माणसं स्ट्रेचर घेऊन दारात, दार उघडलं सासूबाईंनीच. म्हणाल्या, 'अगं बाई, कुणाला न्यायला आलात?' ते म्हणाले, 'तुम्हालाच.' फोन चालतो अजून. फक्त आकडा दाबायला गेलं की बोट दाताच्या खळग्यात जातं.

आणि कधी काय होईल सांगता येत नाही हो. जरा कुठं वाटावं, आता शांत झालं, आता निभलं, की घे! झालं पुन्हा—अगं बाई! टोपी! ओढू नका, मास्तर, ओढू नका, ओढलं की त्याला खेळ वाटतो! माझंच चुकलं, बोलण्याच्या नादात शब्द सबंधच निघाला तोंडातून. थांबा. टाक. टाक रे राजा. हां, बघा, टाकली की नाही? शहाणा माझा. नाही नाही, फाटलेली नाही, नुसती ओली झालीय. राहू द्या तिथंच, वाळेल वाऱ्यानं. आता उचलायला गेलात तर पुन्हा सुरू होईल त्याचं.

तर, काय सांगत होते? हां, काना. शोध ह्यांनीच लावला तो. ह्यांना गिऱ्हाइकांशी बोलताना ऐकलंत ना मघाशी? या, बसा, हा आरसा धरा, ही फ्रेम घालून बघा, पाणी घ्या. जिभेवर साखर. तर दिवसभर तिकडं बसा आणि घ्या आणि धरा चाललेलं, पण चिमण्या पडद्यापाशी ढिम्म. एके दिवशी ह्यांच्या डोक्यात उजेड पडला. पडद्यातून डोकं आत घालून म्हणाले, 'आई! हा आदरानं बोललेलं ऐकतच नाही!' सासूबाई म्हणाल्या, 'मग तुझ्यावरच गेलाय.' पण ठरलं. त्या दिवसापासून घरात सगळ्यांना अहो-जाहो. पाहुण्यांना, दूधवाल्याला, लहान पोरांना, सगळ्यांना. आमची सगळी सुखशांती त्या एका कान्यावर उभी राहिली.

सोपं नव्हतं हो ते. पहिल्याच दिवशी सासूबाई ह्यांना म्हणाल्या, 'अहो, जेवायला येता ना?' हे दचकून मागं बघायला लागले, वारलेले वडील मागं उभे आहेत की काय म्हणून. एका शाळकरी पोराला हे म्हणाले, 'बसा दादासाहेब, वाचा अक्षरं,' तर ते आईच्या मागं जाऊन दडलं, त्याला वाटलं आता सुई टोचणार. आणि भांडायची तर फारच पंचाईत. तुम्ही बघा कधी अहो-जाहो करून भांडून. 'मूर्ख आहात तुम्ही' म्हटलं की पुढचं काही सुचतच नाही, भाषणाला उभं राहिल्यासारखं वाटतं. सासूबाई मला म्हणाल्या, 'सूनबाई, आपण भाजी करपवलीत.' आता ह्यावर रागवायचं की आभार मानायचे? शेजारच्या बाई तर दोन-चार दिवस भिंतीपलीकडून ऐकत होत्या, मग हळूच आल्या आणि म्हणाल्या, 'तुमच्यात काही बिनसलंय का? इतकं तुटक बोलताय ते?' पण खरं सांगते, तेव्हापासून घरात एक कपसुद्धा फुटलेला नाही.

मग तुम्हाला कशाला बोलावलं? अहो, मावशी येतायत ना राहायला! त्याच, रुग्णवाहिकावाल्या. सासूबाईंचा जीव टांगणीला लागलाय—माझी बहीण बघेल, मी सुनेला अहो म्हणते? सगळ्या नातेवाइकांत होईल! त्यापेक्षा कुत्र्याची भाषा बदला. आणि हेही म्हणाले, कंटाळा आला बुवा, साधं पाणी मागायचं तर एवढं लांबलचक वाक्य. म्हणून तुम्ही. ह्याला इंग्रजी शिकवायचं, म्हणजे आपले शब्द आपल्याला वापरायला मोकळे. मीच म्हटलं, बोलवा एकदा मास्तरांना. पण शिकेल का हो हा? भाऊजी म्हणतात, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच.

काय? आत्ता दाखवता? बिस्किटावर? करा की. मी बाजूला होते. —सिट. असं म्हणायचं, होय? बोट असं वर... —अगं बाई. बसला. पहिल्याच हाकेला बसला! पुन्हा करा बघू. बसला. असा बिस्किटाकडं काय बघतो मेला, जन्मात कधी खाल्लं नसल्यासारखं. नाही, झाला ना आनंद, का नाही होणार? म्हणजे सगळे शब्द बदलायला किती दिवस... आठवडाभर? आणि जुने? आपोआप विसरतो? बिस्किट मिळायचं थांबलं की विसरतो. अच्छा. इतकं सोपं असतं होय ते.

विचार करत होते. मावशी यायच्या आत होईल म्हणजे. झालं तर मग. सगळं पुन्हा पहिल्यासारखं. सासूबाई सुटतील, हे सुटतील... मास्तर, तुम्ही मघाशी विचारलंत ना, शिकवलं कुणी? मी म्हटलं, ऐकून शिकला. ते खरंच आहे. पण कुणाचं ऐकून? तुम्ही ते बोट वर केलंत ना, ते बघताना माझ्या डोक्यात आलं, आधी कधी आलंच नव्हतं. पडद्याच्या पलीकडं ह्यांचं बसा, घ्या, धरा. आणि पडद्याच्या अलीकडं तेच शब्द, काना काढून. ए, पाणी आ...ण. हे ध...र. चहा टा...क. दिवसभर. कुणाला? मला. हे वाईट नाहीत हो, तसं समजू नका! कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. घरोघरी असंच बोलतात, माझे वडील आईशी असंच बोलायचे, मलाही त्यात कधी काही वाटलं नाही. पण हा नवा होता ना घरात. त्याला काय ठाऊक ते शब्द कुणासाठी आहेत? त्यानं ते ऐकले आणि त्याला वाटलं, हे माझ्याशीच बोलतायत. कुत्र्याला वाटलं, मास्तर, की हे कुत्र्याशी बोलतायत.

आता कळलं, 'ऊठ' का येत नाही ते. मला कुणी ऊठ म्हणालंच नाही कधी. कशाला म्हणेल? मी बसलेलीच नसायची. आणि तो ब...स? तोही मला कुणी म्हटलेला नाही. तो मी दिलाय त्याला. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या, ह्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं, की मी मागच्या पायरीवर घटकाभर टेकायची. हे पोर पायात घोटाळायचं, मी म्हणायची, ब...स रे बाबा, तूही दमलास. तेवढा एकच शब्द माझा आहे त्याच्याकडं.

आणि हे अहो-जाहो सुरू झाल्यावर काय झालं, सांगू? पाणी आ...ण म्हणायची सोय राहिली नाही, म्हणून हे म्हणाले, 'पाणी आणता का?' आता शेवटी 'का' आला की माणसाला उत्तरासाठी थांबावं लागतं. आणि थांबलं की बघावं लागतं. तर हे पडद्यातून डोकं घालून थांबले, बघत. माझे हात कोपरापर्यंत साबणात. म्हणाले, 'राहू द्या, मी घेतो.' घेतलं हो स्वतः! पेले कुठं असतात ते विचारावं लागलं, पण घेतलं. आणि परवा आत आले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, 'अहो, दमलेल्या दिसता. बसा जरा.' मी मागं वळून बघितलं, कुणी गिऱ्हाईक आत शिरलंय का म्हणून. कुणी नव्हतं. मग बसले. ह्याच स्टुलावर, तुम्ही बसलाय त्या. रोज पुसते हे स्टूल, पण ते एका बाजूला कलतं, हे मला परवा कळलं. मला रडू आलं, मास्तर. हे घाबरले, म्हणाले, 'का हो, काय झालं?' मी म्हटलं, काही नाही, डोळ्यांत काहीतरी गेलं. तर लगेच बॅटरी आणून डोळे तपासायला लागले. चष्मेवाले ना.

तर तुम्ही असं करा. बाहेर जाऊन ह्यांना सांगा, ह्या कुत्र्याला काही शिकवता यायचं नाही. डोकं जड आहे म्हणा, वय निघून गेलं म्हणा, काहीही म्हणा. खोटं कसं? बरं, तुमच्या धंद्याचं नाव खराब होत असेल तर खरं सांगा. सांगा की कुत्रा शिकलेला आहे, माणसांचं अजून थोडं बाकी आहे. मावशींचं काय? त्यांनाही म्हणू अहो. त्यांच्या घरी तरी त्यांना कुणी बसा म्हणतं का, कुणास ठाऊक. राहू दे त्यांनाही चार दिवस कान्यासकट. आणि सासूबाईंचं मी बघते, त्या काही—

—काय हो? हो, हो, झालंच आमचं! —ऐकलंत? पडद्यातून? 'मास्तरांना चहा करता का?' करता का! आणि तुम्ही मला सांगताय, आठवडाभरात सगळं पहिल्यासारखं करून देतो. नाही, चहा नाही देणार मी तुम्हाला, राग मानू नका. चहा होईपर्यंत तुम्ही त्याला आणखी एखादा शब्द शिकवाल. ते बिस्किट आधी खिशात ठेवा. आणखी एकदा करून दाखवायला नको, बघितलं मी. नको म्हणते ना. अहो, त्याच्याकडं बघू नका, ते बोट खाली घ्या, पुरे, आता पुरे, आता बस!

...बघा. बसला. आणि बिस्किट न दाखवता. इंग्रजी काही मुरलेलं दिसत नाही अजून.

टोपीवरच बसलाय, हो. ती गेली असं समजा—वाळत आली होती बिचारी. उठवू? कसं उठवणार? तो शब्द त्याला येत नाही, सांगितलं ना मघाशी. आणि मी काही तो शिकवणार नाही आता. या तुम्ही, मास्तर. दुकानातूनच जा, ह्यांना सांगून जा. टोपी राहू द्या. तो आपणहून उठला, की पाठवून देते.